बोलणे, सांगणे, म्हणणे : अर्थ, मूळ आणि सीमाभागातील वापर याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी माणूस घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात समोरचा जशी बोलेल तशी भाषा वापरतो. साहजिकच आपण वापरतो तो शब्द मूळचा कोणत्या भाषेतला, तो बरोबर की चूक, आणि पुण्याकडचा पाहुणा तो ऐकून हसतो का, असे प्रश्न येथे वारंवार निघतात. मनातले तोंडावाटे बाहेर काढण्याच्या क्रियेसाठी मराठीत जे तीन मुख्य शब्द आहेत, त्यांच्याविषयीचे असे प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

'बोलणे' या शब्दाचा नेमका अर्थ काय?

तोंडाने अर्थपूर्ण शब्द उच्चारणे हा त्याचा मूळ आणि व्यापक अर्थ होय. मूल बोलू लागले, आजारी माणूस दोन दिवसांनी बोलला, सभेत अध्यक्ष अर्धा तास बोलले, या वाक्यांत काय उच्चारले यापेक्षा वाचेची क्रिया घडली याला महत्त्व आहे. दुसरा अर्थ संभाषणाचा आहे आणि तेथे 'शी' हा प्रत्यय येतो, उदाहरणार्थ 'मी त्याच्याशी बोललो'. तिसरा अर्थ रागावण्याचा किंवा दोष देण्याचा आहे. 'सासू सुनेला बोलली' या वाक्यात गप्पांचा काहीही संबंध नाही, हे मराठी कानाला सांगावे लागत नाही. चौथा अर्थ वचनबद्ध होण्याचा असून तो 'नवस बोलणे' यात दिसतो. देवापुढे बोललेला शब्द फेडावा लागतो, म्हणून नवस कोणी सांगत किंवा म्हणत नाही, तो बोलतात.

हा शब्द संस्कृतातून आला आहे का?

अभिजात संस्कृतात या अर्थाचा 'बोल्' असा धातू नाही. संस्कृतात बोलण्यासाठी वद्, वच्, ब्रू, भण्, कथ्, जल्प्, भाष् असे कितीतरी धातू आहेत, परंतु आपला 'बोलणे' त्यांपैकी कोणाचाही सरळ वंशज ठरत नाही. त्याचा पहिला ठळक माग प्राकृतात लागतो. बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेले जैन आचार्य हेमचंद्र यांनी आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृत भाषांचे नियम दिले. त्यातील एका सूत्रात संस्कृत 'कथ्' या धातूच्या जागी प्राकृतात येणारे दहा पर्याय त्यांनी नोंदवले आहेत : वज्जर, पज्जर, उप्पाल, पिसुण, संघ, बोल्ल, चव, जंप, सीस आणि साह. यांतील 'बोल्ल' म्हणजे आपले 'बोलणे'.

अशा पर्यायांना व्याकरणात धात्वादेश म्हणतात. संस्कृत धातूच्या जागी दुसरा धातू येतो, एवढेच ते सूत्र सांगते. एकापासून दुसरा झाला, असा दावा त्यात नाही. संस्कृताशी ज्यांचे नाते जुळवता येत नव्हते असे लोकांच्या तोंडचे शब्द व्याकरणात बसवण्याची ती एक सोय होती. 'बोल्ल' हा असाच लोकांमधून वर आलेला शब्द आहे. हिंदीत बोलना, गुजरातीत बोलवुं, पंजाबीत बोलणा, नेपाळीत बोल्नु, बंगालीत बला असा तो जवळपास साऱ्या उत्तर भारतभर पसरला आहे, आणि या भाषा एकमेकींपासून दूर जाण्याआधीच तो लोकांच्या तोंडी रुळला असला पाहिजे, असे त्यावरून मानता येते.

'ब्रू' या धातूपासून 'बोल' झाला, असे शाळेत शिकलो होतो. ते चूक आहे का?

अर्थ जुळतो आणि सुरुवातीचा 'ब' जुळतो, यापलीकडे त्या मताला आधार नाही. ब्रू या धातूतील 'र' चा द्वित्त 'ल्ल' व्हावा असा नियमित ध्वनिबदल दाखवता येत नाही, आणि व्युत्पत्तीत केवळ सारखेपणा दिसून भागत नाही, तो बदल इतर शब्दांतही त्याच रीतीने झालेला दाखवावा लागतो.

'बोल' मध्ये 'ळ' का नाही? मराठीत तर फल चे फळ होते.

हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, पण तो विचारणाऱ्याचे कान तिखट असतात. संस्कृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटा 'ल' असेल तर मराठीत त्याचा बहुधा 'ळ' होतो, जसे फल आणि फळ, किंवा वेळ या अर्थाने काल आणि काळ. याउलट प्राकृतात तेथे जोड 'ल्ल' असेल तर मराठीत साधा 'ल' उरतो. कल्य या संस्कृत शब्दाचे प्राकृतात 'कल्ल' झाले आणि मराठीत त्याचा आजच्या आधीचा दिवस, म्हणजे 'काल' झाला. काळ आणि काल हे दोन वेगळे शब्द आपण रोज न गोंधळता वापरतो, ते या नियमामुळेच. 'बोल' मध्ये 'ल' टिकला याचा अर्थ त्याच्यामागे 'ल्ल' होता, आणि हेमचंद्रांनी नोंदवलेले रूप नेमके तसेच आहे.

मग 'सांगणे' आणि 'म्हणणे' यांचे मूळ कोणते?

'सांगणे' हे वर दिलेल्या त्याच सूत्रातील 'संघ' या रूपाशी जोडले जाते. घ मधील महाप्राण, म्हणजे ह चा अंश, गळून ग राहिला आणि आधीचा स्वर लांबला. या प्राकृत रूपाच्या मागे संस्कृतातील 'सम्' आणि 'ख्या' असावेत, अशीही मांडणी केली जाते. ती मान्य केली तर व्याख्यान, आख्यान आणि लग्नात नाव घेताना म्हटला जाणारा उखाणा हे सारे सांगण्याचे नातलग ठरतात, कारण उखाणा हा शब्द उपाख्यान यापासून आलेला आहे.

'म्हणणे' याची वंशावळ मात्र सरळ आहे. संस्कृत भण्, प्राकृत भणइ, आणि पुढे नासिक्य 'ण' च्या प्रभावाने 'भ' चा 'म्ह' होऊन मराठी म्हणणे. महानुभावांच्या जुन्या गद्यात 'भणे', 'भणितले' अशी रूपे आढळतात, म्हणजे हा बदल मराठीच्या लिखित इतिहासातच घडताना पाहता येतो. 'म्हण' म्हणजे लोकांनी म्हणत आणलेली उक्ती. तिच्यासाठी जुन्या मराठीत 'आहाणा' असा शब्द होता, आणि तोही आभाणक या संस्कृत शब्दातून, म्हणजे त्याच भण् धातूतून आलेला आहे. म्हण आणि आहाणा ही एकाच घरातील दोन भावंडे, त्यांतील धाकटे टिकले आणि थोरले कोशात जाऊन बसले.

या तिघांत फरक काय? तिघांचाही अर्थ एकच नाही का?

अर्थ शेजारचे आहेत, कामे वेगळी आहेत. बोलणे ही क्रिया वाचेची आहे, सांगणे ही माहिती दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याची आहे, आणि म्हणणे ही ठराविक शब्द उच्चारण्याची आहे. म्हणूनच पाढे, आरती, हरिपाठ आणि गाणे आपण म्हणतो, कारण त्यांचे शब्द आधीच ठरलेले असतात. निरोप, गोष्ट, भविष्य आणि पत्ता आपण सांगतो, कारण ऐकणाऱ्याला ते आधी ठाऊक नसते. शेतावर हक्कही सांगितला जातो, कारण तो समोरच्याने मानावा असा आपला हेतू असतो. मुलीला स्थळ सांगून येते, त्यानंतर बोलणी होतात, आणि मंगलाष्टके म्हटली जातात. एका लग्नात तिन्ही क्रियापदे आपापल्या जागी उभी असतात आणि कोणीही त्यांची अदलाबदल करीत नाही.

'तो मला बोलला की उद्या ये' हे वाक्य चूक आहे का?

प्रमाण मराठीत ते 'तो मला म्हणाला की उद्या ये' किंवा 'त्याने मला उद्या यायला सांगितले' असे होईल. मुंबईकडच्या हिंदीत 'उसने मेरे को बोला' अशी रचना सर्रास चालते आणि तेथून ही सवय मराठीत आली आहे. मालिका आणि मोबाइल यांमुळे ती आता बेळगावच्या महाविद्यालयांतही ऐकू येते. या रचनेला विरोध करण्याचे माझ्या मते खरे कारण शुद्धतेचे नाही, अर्थाचे आहे. 'तो मला बोलला' याचा मराठीत आधीपासून एक ठाम अर्थ आहे आणि तो म्हणजे 'तो मला रागावला'. दोन्ही अर्थ एकाच रूपावर लादले तर सूनबाईंना सासूबाई काही 'बोलल्या' की नुसते काही 'म्हणाल्या', हे कळायला दुसरे वाक्य लागेल.

आमच्याकडे 'तो येतो म्हणून सांगितला' असे म्हणतात. हा कन्नडचा परिणाम आहे का?

या एका वाक्यात दोन गोष्टी आहेत आणि त्यांची उत्तरे वेगळी आहेत, म्हणून त्या सुट्या करून पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट 'येतो म्हणून' ही. दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे पुढे ठेवून त्यामागे 'म्हणून' लावण्याची ही रीत आहे. कन्नडमध्ये हेच वाक्य 'बर्तीनि अंत हेळिदा' असे होते. 'बर्तीनि' म्हणजे येतो, 'अंत' म्हणजे म्हणून, 'हेळिदा' म्हणजे सांगितला. शब्दाला शब्द लावून दोन्ही वाक्ये शेजारी ठेवता येतात. कन्नडमधील हा 'अंत', ग्रांथिक भाषेत 'एंदु', हा तेथील म्हणणे या अर्थाच्या धातूचेच रूप आहे, जसे आपले 'म्हणून' हे म्हणण्याचे रूप आहे. दख्खिनी, म्हणजे दख्खनमधील हिंदी-उर्दूची बोली, बोलणारेही 'आता हूं बोलके बोल्या' असे म्हणतात आणि तेथे 'बोलके' नेमके हेच काम करते. तीन भाषा, दोन वेगळी कुळे, आणि साचा एक.

परंतु यावरून ही रचना कन्नडमधून उचलली, असे एका दमात म्हणता येणार नाही. संस्कृतातील 'इति' हा शब्दही उद्धृत वाक्याच्या मागेच येत असे, आणि 'मी येतो म्हणून सांग' हे वाक्य पुण्यातही कोणाला खटकत नाही. तेव्हा ही रचना साऱ्या मराठीची आहे. कन्नडच्या शेजारामुळे सीमाभागात तिचा वापर अधिक दाट राहिला आणि 'तो म्हणाला की' या वळणाला येथे तितका वाव मिळाला नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. 'की' लावून मागाहून वाक्य जोडण्याची पद्धत मराठीत फारसीच्या सहवासात बळावली असे मानले जाते. त्या दृष्टीने पाहिले तर ज्या वाक्याला येथे गावंढळ समजले जाते, तेच या भाषेच्या जुन्या चालीला अधिक धरून आहे.

दुसरी गोष्ट 'तो सांगितला' ही, आणि तिच्यात कन्नडचा हात स्पष्ट दिसतो.

'मी सांगितलो', 'तो सांगितला' असे का होते?

प्रमाण मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्त्याप्रमाणे चालत नाही, ते कर्माप्रमाणे चालते किंवा नपुंसकलिंगी एकवचनात राहते. त्याने गोष्ट सांगितली, त्याने निरोप सांगितला, त्याने सांगितले. याचे मूळ संस्कृतातील 'तेन कथितम्' यासारख्या कर्मणि रचनेत आहे. कन्नडमध्ये असा प्रकार नाही. तेथे क्रियापद काळ कोणताही असला तरी कर्त्याशीच जुळते : 'नानु हेळिदे' म्हणजे मी सांगितले, 'अवनु हेळिदा' म्हणजे त्याने सांगितले. दोन्ही भाषा एकाच अंगणात बोलल्या जात असताना मराठी बोलणाऱ्यानेही क्रियापद कर्त्याकडे वळवले आणि 'तो सांगितला', 'मी काम केलो' अशी वाक्ये घडली. सोलापूरकडच्या सीमेवरही हे ऐकू येते.

याला मराठीच्या आतूनही थोडी वाट मोकळी होती, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. बोलणे, शिकणे, विसरणे, पिणे ही क्रियापदे कर्म घेऊ शकतात, तरीही प्रमाण मराठीत आपण 'मी बोललो', 'मी धडा शिकलो', 'मी नाव विसरलो', 'मी चहा प्यालो' असेच म्हणतो. म्हणणे याची तर दोन्ही रूपे चालतात : 'मी म्हणालो' आणि 'मी म्हटले'. बोललो आणि म्हणालो हे शुद्ध असताना सांगितलो तेवढे अशुद्ध का, हा लहान मुलाचा प्रश्न तर्काला धरून आहे. तरी शाळेच्या उत्तरपत्रिकेत, अर्जात आणि छापील लेखनात 'त्याने सांगितले' असेच लिहावे, कारण तेथे प्रमाण लेखनाची अपेक्षा असते. घरातल्या बोलण्यावर लाल शाई चालवण्याची गरज नाही.

मुली आणि स्त्रिया 'मी बोलतो' म्हणतात, त्याचे काय?

कोल्हापूर, चंदगड आणि बेळगाव परिसरात स्त्रियाही प्रथमपुरुषी 'मी येतो', 'मी बोलतो' असे म्हणतात. कन्नडमध्येही 'मी' साठी क्रियापदाचे रूप स्त्री-पुरुषांना एकच असते. लेखनात 'बोलते' हे रूप वापरावे, बोलण्यात हा त्या भागाचा प्रघात आहे.

'म्हणजे' आणि 'म्हणे' हे शब्दही 'म्हणणे' यातूनच आले का?

होय, आणि मराठीच्या साऱ्या व्याकरणात यांच्याइतका रंजक भाग मला दुसरा दिसत नाही. 'म्हणजे' हे जुन्या मराठीतील 'म्हणिजे', म्हणजेच 'म्हटले जाते', या कर्मणि रूपातून आलेले आहे. आज त्यातील क्रिया कोणालाही जाणवत नाही आणि तो केवळ स्पष्टीकरणाचा शब्द उरला आहे. कन्नडमध्ये याच जागी 'अंदरे' येते आणि त्याचा शब्दशः अर्थ 'म्हटल्यास' असा आहे.

'म्हणे' हा त्याहून सूक्ष्म प्रकार आहे. 'पाटलांनी रान विकले म्हणे' या वाक्यात बोलणारा बातमी तर देतो, पण तिची जबाबदारी घेत नाही. कोणी म्हटले, केव्हा म्हटले, हे सांगण्याची गरज राहत नाही. कन्नडमध्ये हेच काम 'अंते' करते : 'अवनु बंदनंते' म्हणजे तो आला म्हणे. सीमाभागातील माणूस एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना हा शब्द कधीही चुकत नाही, कारण दोन्हीकडे तो वाक्याच्या शेवटी, त्याच जागी, त्याच हेतूने उभा असतो. ऐकीव गोष्टींना मराठीत सांगोवांगीच्या गोष्टी म्हणतात. सांगोवांगी हे नाम आहे, 'म्हणे' हे त्याचे व्याकरण.

नाव सांगतानाही हा साचा दिसतो. 'रामा म्हणून एक गडी होता' आणि 'राम अंत ओब्ब इद्दा' ही वाक्ये एकमेकांची प्रतिबिंबे आहेत. 'म्हणून' चा 'त्या कारणाने' हा अर्थही जुना आहे आणि ज्ञानेश्वरीत 'म्हणौनि' या रूपात तो पानोपानी भेटतो.

कन्नडमधील 'मातु', 'हेळु', 'नुडी' यांचा मराठीशी काही संबंध आहे का?

कन्नडमध्ये 'मातु' म्हणजे शब्द किंवा बोलणे. त्याला 'आडु' जोडून 'माताडु', म्हणजे बोलणे, हे क्रियापद तयार होते. 'हेळु' म्हणजे सांगणे, आणि जुन्या कन्नडमध्ये ते 'पेळ्' असे होते. त्या भाषेत आरंभीच्या प चा ह झाला, जसे दुधाला असलेला 'पाल्' हा जुना शब्द आज 'हालु' झाला आहे. 'नुडी' म्हणजे वाणी किंवा उक्ती. यांतील हेळु आणि नुडी मराठीत आलेले नाहीत.

'मातु' ची गोष्ट निराळी आहे. जुन्या मराठी काव्यात 'मात' किंवा 'मातु' हा शब्द गोष्ट, वार्ता, बोलणे या अर्थाने येतो आणि त्याचा संबंध कन्नड 'मातु' शी जोडला जातो. त्याच काव्यात 'मातें' म्हणजे 'मला' असेही रूप आढळते, त्याच्याशी याची गल्लत करू नये. आजच्या मराठीतून ही 'मात' निघून गेली आहे आणि बुद्धिबळातील 'मात' तर अगदीच वेगळी, फारसी वाटेने आलेली आहे. कन्नडमध्ये मात्र तो शब्द इतका जिवंत आहे की 'ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल' ही म्हण येथील मराठी घरांतही अनेकांना येते. ज्याला जेवणे कळते त्याला रोग नाही आणि ज्याला बोलणे कळते त्याला भांडण नाही, असा तिचा अर्थ. मराठी जिभेला तिचे भाषांतर करावेसे वाटत नाही, कारण ऊट आणि मातु यांचा तोल मराठीत साधत नाही.

खानापूरच्या पश्चिमेस कोकणी बोलणारे 'उलोवप' म्हणतात. तो शब्द कोठून आला?

संस्कृत 'उल्लप्', प्राकृत 'उल्लवइ' आणि पुढे कोकणी 'उलोवप' अशी ती वाट आहे. आलाप, विलाप, प्रलाप, संलाप यांतील 'लप्' हाच तो धातू. मराठीने हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे घेतले आणि रोजच्या बोलण्यासाठी मात्र 'बोल्ल' पसंत केला. कोकणीने लप् घरगुती वापरात ठेवला. सांगणे आणि म्हणणे मात्र कोकणीतही आहेत.

'वाचणे' आणि 'वाजणे' यांचाही बोलण्याशी संबंध आहे, हे खरे का?

खरे आहे. पुस्तक वाचणे हे संस्कृत 'वाचयति' या प्रयोजक रूपातून आले आहे आणि त्याचा अर्थ 'बोलायला लावतो' असा होतो. लिहिलेल्या अक्षरांना तोंडाने बोलते करणे म्हणजे वाचणे. मनातल्या मनात वाचण्याची सवय ही पुढची गोष्ट. वाजणे हे 'वाद्यते' या रूपातून आले आहे, आणि त्यामागे 'वद्' हाच बोलण्याचा धातू आहे. जे बोलवले जाते ते वाद्य. तबल्याच्या ध्वनींना आपण बोल म्हणतो, तेव्हा नकळत त्याच जुन्या कल्पनेकडे परत जातो. संकटातून वाचणे हा शब्द मात्र निराळा आहे. हिंदीत बाँचना आणि बचना असे दोन शब्द वेगळे राहिले, मराठीत ते उच्चाराने एक झाले.

'अबोली' म्हणजे न बोलणारे फूल का?

ही कल्पना गोड आहे आणि कवींना ती सोयीची आहे. अबोला, अबोल हे शब्द 'बोल' मधूनच आले आहेत, यात शंका नाही. परंतु अबोलीच्या फुलाला कन्नडमध्ये 'अब्बलिगे' असे नाव आहे आणि कोकणीतही त्याच्या जवळचे नाव आहे. बेळगावच्या बाजारात मराठी आणि कन्नड दोन्ही नावांनी हे गजरे विकले जातात, त्यामुळे येथील माणसाला हे साम्य लवकर दिसते. कन्नड नावात बोलण्याचा काहीही संबंध नाही. तेव्हा फुलाचे नाव आधी असावे आणि त्याला अबोलपणाचा अर्थ मराठी कानाने मागाहून जोडला असावा, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

'बोल', 'बोली' आणि 'बोलणी' यांत फरक कसा करावा?

'बोल' हे पुल्लिंगी नाम उच्चारलेल्या शब्दासाठी आहे. 'माझा मराठाचि बोलु कौतुकें' या ज्ञानेश्वरांच्या ओवीत, सन 1290 च्या सुमारास, ते याच अर्थाने येते. 'बोल लावणे' यात त्याला दोषाचा अर्थ मिळतो. 'बोली' या शब्दाला तीन अर्थ आहेत : एखाद्या प्रदेशाची भाषा, लिलावात पुकारलेली किंमत, आणि आधी ठरलेली अट. बाजार समितीत बोली लावली जाते, तेथे ती भाषा नसते, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. 'बोलणी' हे अनेकवचन वाटाघाटींसाठी आहे, पण 'बोलणी खाणे' म्हणजे रागावून घेणे. 'बोलावणे' म्हणजे हाक मारणे किंवा आमंत्रण देणे. 'बोलविता धनी' यातील बोलवणे मात्र दुसऱ्याकडून बोलून घेण्याचे आहे. चित्रपटाला ध्वनी आला तेव्हा मराठीने 'बोलपट' असा देशी शब्द घडवला आणि 1932 साली आलेल्या 'अयोध्येचा राजा' पासून तो मराठीत रूढ झाला. कन्नडने त्याच वस्तूला 'वाक्चित्र' असे संस्कृत नाव दिले. या एका बाबतीत मराठीची निवड मला अधिक मोकळी वाटते.

'तोंडी', 'मौखिक' आणि 'शाब्दिक' यांपैकी कोणता शब्द केव्हा वापरावा?

लिहिलेले नसून बोललेले असेल तर 'तोंडी' हा नेमका आणि सर्वांना कळणारा शब्द आहे : तोंडी परीक्षा, तोंडी आदेश, तोंडी हिशेब, तोंडी करार. 'मौखिक' हा त्याचाच संस्कृत पर्याय आहे आणि तो मौखिक परंपरा, मौखिक इतिहास अशा अभ्यासाच्या संदर्भात शोभतो. 'शाब्दिक' म्हणजे शब्दांचा किंवा शब्दांपुरता, मग ते शब्द लिहिलेले असोत वा बोललेले. शाब्दिक चकमक वर्तमानपत्राच्या पानावरही होऊ शकते. म्हणून कचेरीतील अधिकाऱ्याने सांगितलेल्या गोष्टीला अर्जात 'शाब्दिक सूचना' असे लिहू नये. तेथे 'तोंडी सूचना' असे लिहावे आणि ती कोणत्या तारखेस दिली गेली, हेही त्याच ओळीत नोंदवावे. साक्षीदाराने पोलिसांपुढे दिलेल्या निवेदनासाठी 'जबानी' किंवा 'जबाब' हे शब्द रूढ आहेत. पहिला फारसीतील जीभ या अर्थाच्या शब्दातून आणि दुसरा अरबीतील उत्तर या अर्थाच्या शब्दातून आला आहे. त्यामुळे तोंडाने दिलेली जबानी लिहून घेतली गेली तरी तिचे नाव जबानीच राहते.